पोरीच्या कानावर मराठी नको

तेलगाव, ८ जुलै २०२४

ती. सौ. शिवकन्याताईस मोहिनीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

संस्कृतीला तुमच्याकडं ठिवून आलो तवापासून घर खायला उठतंय. पण आत्या इंग्रजी साळंत शिकवती, तिच्यापाशी राहिली तर पोरगी फाडफाड इंग्रजी बोलंल, असं तुमचे भाऊ म्हणतेत. माजं एकच मागणं हाय. घरीबी इंग्रजीतच बोला. मराठी बोललीस तर साळंतून काढतेत, असं मी तिला बजावून ठिवलंय. आमी फोनबी करणार न्हाई, तिच्या कानावर मराठी नको. चिठ्ठी धाडत जाईन. आन लाडू कमी द्या, भाचीला लई लाडावता तुमी.

लोभ हाय तो वाढवा.
मोहिनी

वडवणी, २४ जुलै

चि. सौ. मोहिनीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

लाडू देणार, काय करायचं ते कर. पण पोरगी वर्गात अजून एक शब्द बोललेली नाही, आणि घरी माझं इंग्रजी नुसतं ऐकून घेते. मी तिला चित्रं काढून दिली, तहान लागली, पोट दुखतंय, बाहेर जायचंय, अशी. ती दाखवायलाही भिते. परवा पडली, गुडघ्यातून रक्त आलं, तरी रडली नाही. पहिलीतलं लेकरू रडत नाही, मोहिनी, मला ह्याची धास्ती वाटते. मराठीत बोलू दे मला तिच्याशी. मनातलं बाहेर आलं की इंग्रजी मागून येईल.

बिभीषणला आशीर्वाद, आप्पांना नमस्कार.
शिवकन्या

तेलगाव, २ ऑगस्ट

ताईस नमस्कार. वि. वि.

कावून भिता? तुमच्या वडलांवर गेलीया, आप्पा तरी कुठं बोलतेत! बँकेत साहेबानं इंग्रजी कागद पुढं केला की माजी जीभ टाळ्याला चिकटती. तसं तिचं होऊ न्हाई. दिवाळीपतुर कळ काढा. मराठी बोलाल तर माजी शपथ हाय.

राग मानू नका.
मोहिनी

वडवणी, २१ ऑगस्ट

मोहिनीस आशीर्वाद.

तुम्ही दवाखान्यातून पोरीला परस्पर गावी नेलंत, नीट बोलणं झालंच नाही. सुट्टीत तिनं वर्गाबाहेर काढलेला बूट पायात घातला, त्यात विंचू होता. चावल्यावर तिनं हात वर केला. तिच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, इंग्रजीत विचार. तिनं हात खाली घेतला आणि बूट तसाच घालून बसली. घामानं भिजली, ओकली, तेव्हा कुठं कळलं. डॉक्टर मराठीत विचारत होते, तर ती माझ्याकडं बघत राहिली. मी तुझी शपथ मोडली, मराठीत बोल म्हणाले. तरी बोलली नाही. तुमचा फोन लागत नाही, ती आता कशी आहे ते लगेच कळव.

शिवकन्या

तेलगाव, २ सप्टेंबर

ताईस नमस्कार.

सूज उतरली, हिंडती फिरती. पण तोंडातून शब्द न्हाई. आप्पांनी हाका मारल्या, ह्यांनी खांद्यावर घेऊन शेळ्यांत नेलं. काल मी मांडीवर घेतलं आन म्हणले, बोल माय, मराठीत बोल, कुणी काढत न्हाई. तर तिनं दाराकडं बघितलं आन माज्याच तोंडावर हात ठिवला.

ताई, तुमाला घातलेली शपथ मी सोडली. तुमी या. साळंत नेसता तीच साडी नेसून या, आन तिच्यासमोर मराठीत बोला. माजं ती ऐकत न्हाई.

आमच्यावरली माया पातळ होऊ देऊ नका.
मोहिनी