लाल रेषेच्या वर नऊ सेकंद

३ मे
नऊ सेकंद! उड्डाण करताना डाव्या इंजिनाचं तापमान लाल रेषेच्या वर गेलं होतं. विमानातल्या नोंदयंत्रात स्वच्छ दिसतंय. आणि कॅप्टनने वहीत एक अक्षर लिहिलेलं नाही! विमान हँगरमध्ये अडवून ठेवलं. मॅनेजर म्हणे, "अहो, नऊच सेकंद ना?" म्हटलं, विस्तवावर हात धरा नऊ सेकंद, मग बोलू.

४ मे
कॅप्टन आला. वीस वर्षांची ओळख. "मिस्त्री, काटा रेषेच्या खालीच होता. या डोळ्यांनी पाहिलाय."
"यंत्र खोटं बोलत नाही, कॅप्टन. माणूस बोलतो."
चहा तसाच टाकून गेला.

६ मे
युनियनची सभा. गाजवली! "उड्डाणाला इंजिनाची पूर्ण ताकद पाच मिनिटं — त्यापुढे क्षणभर नाही! अंगात बळ आहे म्हणून ते उधळायचं नसतं. लाल रेषा म्हणजे मागे बसलेल्या साठ जिवांना दिलेला शब्द!" टाळ्या थांबेनात. ठराव एकमताने: लपवणाऱ्याला विमानावरून उतरवा.
घरी आल्यावर ही म्हणाली, "इंजिनाचं राहू द्या, तुमचंच तापमान कुणीतरी बघायला हवं." खूप हसलो.

७ मे
सोमवारी सुनावणी. कॅप्टनची नोकरी जाणार. वाईट वाटतं. पण नियम तो नियम.

८ मे
इंजिन उघडलं. दोन पाती भाजलेली. बघा, माझंच खरं!

९ मे
सुनावणीत कुणाला फट सापडू नये म्हणून कॉकपिटमधला तापमानाचा काटाही तपासायला घेतला. नोंदयंत्राशी त्याचा संबंध नाही, दोन्ही स्वतंत्र. तीनदा तपासला. तिन्ही वेळा त्याने वीस अंश कमी दाखवले.
म्हणजे कॅप्टनला दिसलं तेच तो सांगत होता.
जुनी वही काढली. या काट्याची मागची तपासणी फेब्रुवारीत. आठवलं — त्या दिवशीही सभा होती. तपासणीचं यंत्र तापायला अर्धा तास लागतो. माझ्याकडे तेवढा वेळ नव्हता, लोक वाट बघत होते. त्याआधीच्या तपासणीचे आकडे उतरवले आणि धावत सुटलो.
कसलं भाषण होतं ते? आठवतसुद्धा नाही.

११ मे
सुनावणी. बारा मुद्दे खिशात होते. पहिला मीच उभा राहिलो. एकच वाक्य बोललो — "काटा चुकीचा होता, आणि तो बरोबर आहे अशी सही माझी आहे."