पंधरा सेकंदांची अव्वा

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

शिरूर अनंतपाळ, मंगळवार (दुकान बंद, डोकंही बंद)

चि. वीरेश यास,
गुरुपादप्पाचे आशीर्वाद आणि शरणार्थ.

तिकडं बेंगळुरात तुझी पाठ, तुझी नोकरी आणि तुला रजा न देणारे तुझे साहेब, तिघंही धडधाकट असतील असं धरून चालतो. इकडं सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, पण खोटं कशाला लिहू? एक टीव्ही, एक कॉम्प्युटर आणि एक माणूस असे तिघं या घरात आजारी आहेत, आणि तिघांचंही दुखणं तूच लावून गेलास. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू "सोप्पंय दाजी" म्हणतोस आणि ते दोन शब्द ऐकले की माझं बीपी वाढतं. म्हणून हे पत्र.

दिवाळीत तू ती काळी डबी, म्हणजे तो कॉम्प्युटर, घेऊन आलास. (डबी म्हणतो, कारण माझा जेवणाचा डबा तिच्यापेक्षा मोठा आहे. तुझ्या अक्कानं नव्या वस्तूला लावतात तशी तिला भरपूर विभूती लावली आणि वारा जायची भोकं बुजवून टाकली. ती मी टाचणीनं मोकळी केली, दीड तास लागला.) तू ती टीव्हीला जोडलीस, आता याला टीव्ही म्हणायचं नाही, होम थिएटर म्हणायचं असं आम्हाला बजावलंस, आणि उदगीरची गाडी चुकेल म्हणून निघालास. दारात चप्पल घालता घालता म्हणालास, फक्त रिझोल्यूशन तेवढं बघून घ्या दाजी. त्या 'तेवढं'ला आज पाच महिने झाले.

मला काय बघायचं होतं ते तुला ठाऊकच आहे, तरी पुन्हा लिहितो. मागच्या श्रावणात तुमच्या अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, लिंगैक्य झाल्या. त्यांना फोटोचा केवढा तिटकारा! कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. घरात त्यांचा एकच फोटो, आधार कार्डावरचा, आणि त्यात त्या आहेत असं फक्त आधार कार्डाचं म्हणणं आहे. आमच्या सृष्टीच्या लग्नाच्या तीन तासांच्या व्हिडिओत मात्र त्या एकदा सापडल्या. अक्षता पडताना, अगदी डाव्या कडेला, खुर्चीवर बसलेल्या, पदर खांद्यावर. फोनमध्ये बघितलं तर तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं. मोठ्या टीव्हीवर बघितलं तर चारी बाजूंनी चित्र कापलेलं, आणि अव्वांचं फक्त एक कोपर आणि खुर्चीचा हात. तुझी अक्का सत्तावीस वर्षांत माझ्याकडं हट्टानं काही मागितलेली बाई नाही. (एकदा मिक्सर मागितला होता.) ती त्या कोपराकडं बघत म्हणाली, "मला अव्वाचं तोंड दाखवा हो एवढं." आता सांग, मी काय करणार होतो?

मी पाइप-फिटिंगचा दुकानदार. रिझोल्यूशनचे ते आकडे बघून मला वाटलं, हे तर आपलंच काम. अर्धा इंची, पाऊण इंची, एक इंची. जेवढा मोठा पाइप तेवढं जास्त पाणी. म्हणून यादीतला सगळ्यांत मोठा आकडा निवडला. एक पाटी आली, हे बदल ठेवायचे का, आणि मी धंद्याच्या सवयीनं लगेच 'हो' दाबलं. क्षणभर चित्र असं लख्ख आलं की मी दानम्मा म्हणून तुझ्या अक्काच्या नावानं ओरडलो, आणि ती येईपर्यंत पडदा काळाठिक्कर. चार दिवस तसाच. आम्ही त्या काळ्या पडद्यासमोर बसून जेवलो, सवय म्हणून.

पाचव्या दिवशी मल्लेशला बोलावलं. (गावातल्या सगळ्या डिश छपरावर चढून हाच बसवतो. पन्नाशीचा माणूस, पण टीव्हीपुढं उकिडवा बसला की जोशी पत्रिका बघतो तसा बघतो.) तो म्हणाला, केबल हलकी हाय, एवढं ओझं तिला झेपत न्हाई. त्यानं कुठूनसा जुना मॉनिटर आणला, डबीला लावला, आकडा खाली आणला आणि जाताना तुझ्या अक्काला म्हणाला, "वैनी, दाजीला एकट्याला 'हो' म्हणू देऊ नका." झालं! अक्कानं मला तिथंच उभं केलं आणि गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून आण घ्यायला लावली की तिला विचारल्याबिगर त्या पाटीवर 'हो' दाबणार नाही. मी घेतली. हलक्या केबलपायी माणसाला लिंगाची आण घ्यावी लागते, असे दिवस आलेत.

आता खरी फजिती ऐक. ती पाटी पंधरा सेकंदच थांबते. पंधरा, चौदा, तेरा असं मोजत जाते, आणि कुणी 'हो' म्हणालं नाही की सगळं पहिल्यासारखं. अरे, आपल्यात सोयरिकीला 'हो' म्हणायला तीन बैठका लागतात! मी व्हिडिओ त्या अक्षतांपाशी थांबवून ठेवतो आणि एकेक आकडा लावून बघतो. गेल्या सोमवारी एक मधला आकडा लागला आणि चित्र चारी कडांनी पुरं आलं. डाव्या बाजूला अव्वा. मी हाक मारली. अक्काच्या तव्यावर भाकरी. ती उलथून, हात पुसून, गुडघे धरत अठरा पावलं येईपर्यंत पडद्यावर पुन्हा कोपर. पुन्हा लावलं. या वेळी ती आली दोनाच्या आकड्याला, तर चष्मा ओट्यावर राहिला. पुन्हा लावलं. असं अकरा वेळा. शेवटी ती भिंतीला टेकून म्हणाली, "तुम्ही माझी चेष्टा तर करून न्हाई ना राहिलाव?" आणि आत जाऊन बसली. तेव्हापासून हाक मारली तरी येत नाही.

वीरेश, मी त्या दिवशी फार हरलो रे. तुला माहीत आहे, अव्वा जावयासमोर कधी तोंड उघडं ठेवून आल्या नाहीत. सत्तावीस वर्षं दाराआडून 'जेवून जावा म्हणावं त्यांना' एवढंच ऐकलं. ज्यानं त्यांचं तोंड बघायचं नाही त्या जावयाला ते अकरा वेळा दिसलं, आणि जी रडत राहिली त्या लेकीला एकदाही नाही. 

म्हणून हात जोडून सांगतो. रजा काढ, चांगली जाड केबल घे आणि ये. एकदाचं ते रिझोल्यूशन कायमचं बसवून दे. माझ्याच्यानं आता होत नाही.

तुझा हरलेला दाजी,
गुरुपादप्पा

ता. क. पत्र टाकायचं आठवडाभर राहिलं. त्या मंगळवारी पाकीट शोधत होतो तेवढ्यात मल्लेश मॉनिटर परत न्यायला आला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग वैनीला आधीच हितं बशिवलं तर?" पाच महिन्यांत हे मला सुचलं नाही. (हसू नकोस. तुलाही फोनवर सुचलं नव्हतं.) अक्काला गॅस बंद करायला लावून, चष्मा घालून, स्टुलावर बसवलं आणि आकडा लावला. अव्वा आल्या. पंधरा, चौदा, तेरा. मी विचारलं, ठेवायचं ना? पाच, चार. अगं, 'हो' म्हण! ती म्हणाली, "नगं. अव्वाला लई येळ बघितलेलं आवडत न्हाई." आणि कोपर आल्यावर डोळे पुसून म्हणाली, पुन्हा एकदा लावा. तेव्हापासून रोज भाकरी झाल्या की ती स्टुलावर येऊन बसते आणि मी लावतो. 'हो' कुणीच दाबत नाही. तेव्हा वर लिहिलेलं रद्द समज, आणि ते कायमचं कसं करायचं हे फोनवरसुद्धा सांगू नकोस.

ता. क. २. नवव्या की दहाव्या खेपेला अक्कानं मला दाखवलं. अव्वा अक्षतांकडं बघतच नाहीत. मांडीवरच्या ताटातला बुंदीचा लाडू हळूच पदराच्या टोकाला बांधताहेत. अक्का म्हणाली, वीरेशला लग्नाला रजा मिळाली न्हाई ना, त्याच्यासाठी. केबल आणू नकोस. तू ये.