टेप थांबत नाही

कर्वेनगर, पुणे
८ ऑगस्ट २००३

प्रिय बाबा,
सप्रेम जय भीम.

आम्ही मजेत आहोत. तुम्ही गोष्टी भरून पाठवलेली कॅसेट मिळाली, पण तुमची नात ऐकेल तर शपथ! संबोधी प्रत्येक वाक्याला ‘हं’ म्हणते, तोवर टेप पुढे गेलेला असतो. मग ती टेपवरच खेकसते.

शेवटी मीच बसले. उशांची गुहा केली, घसा फुटेस्तोवर वाघ झाले. तर बाईसाहेब म्हणतात, ‘आई, तू पण टेपसारखी पळतेस.’ हिंजवडीहून दीड तास बसमध्ये काढून हे ऐकायचं!

आईचे गुडघे कसे आहेत? जमलं तर दोघंही या. तुम्ही आमच्या ‘हं’साठी थांबायचात, बाबा. हल्ली माझ्यासाठी कोणीच थांबत नाही, कंपनीची बससुद्धा.

तुमची,
शर्मिला