शुक्रवारी लक्ष्मी घराबाहेर काढत नाहीत

१२ जून १९४६, बुधवार. सोनई.
हे वाचणाऱ्यानं, म्हणजे सूर्यभाना तूच, आधी मीठ आण. काल सांगितलं, आज सगळे अळणी जेवलो. नातू बी.ए. झाला, पण डोक्यात मीठ काही राहत नाही. म्हणून माझे बेत लिहवून घेते. मला अक्षर येत नाही. मी सांगते, तो लिहितो. मी 'हाय' म्हणते, हा 'आहे' लिहितो. लिहू दे. फीचे पैसे वसूल.

बेत असा. विलायतेत पुढचं शिकायला त्याला सरकारी स्कॉलरशिप मिळाली. बोटीचं भाडं मात्र आपलं. लोणी विकून मी गाडगंभर बंदे रुपये साठवलेत. ते नगरच्या बँकेत ठेवायचे, मग बँक बोटीच्या कंपनीला चेक देणार. चांगली बँक मी निवडणार. पोरगा जातोय त्याचं मला काही वाटत नाही. लवकर जावा.

१४ जून, शुक्रवार
सर्व्हिस मोटारीनं नगर. घोडेगावपर्यंत उलटी झाली नाही. घोडेगावला झाली. बँकेच्या दारात आठवलं, आज शुक्रवार. शुक्रवारी लक्ष्मी घराबाहेर काढत नाहीत. गाडगं पोटाशी धरून परत. सूर्यभान म्हणाला, "आजी, वार तूच ठरवला होतास." ठरवला असेल.

२४ जून, सोमवार
पुन्हा गेलो. कॅशियरनं माझा रुपया घेतला आणि दगडावर आपटला. दिवाळीला हळदकुंकू वाहिलेली लक्ष्मी! म्हटलं, "रावसाहेब, आईला असंच आपटता का घरी?" म्हणाला, "आजीबाई, खोटा आहे का ते आवाजावरून कळतं." म्हटलं, "तुमचाही आवाज ऐकला मी." बँक रद्द. घाई मलाच आहे, पण अपमान नको.

२९ जून, शनिवार
अमावास्या. गेलो नाही.

२ जुलै, मंगळवार
दुसरी बँक. पंखा, गार पाणी, मॅनेजर नम्र. विचारलं, हेच रुपये परत मिळतील ना, कुंकवासकट? म्हणाला, रुपये सगळे सारखेच, दुसरे देऊ. म्हणजे माझी लक्ष्मी भलत्याच्या घरी! रद्द. मी होते म्हणून पोरगं वाचलं. परतीच्या वाटेवर तो खिडकीबाहेर बघत बसला. दमला असेल.

५ ऑगस्ट, सोमवार
नवा बेत. बँकच नको. मीच बोटीवर जाते, गाडगं कप्तानाच्या हातात देते आणि विलायतेत राहते. भाकरी कोण करणार त्याला? समुद्राची भीती नाही. घोडेगावच्या पुढं मला कधीच उलटी होत नाही. सून चांगुणा म्हणाली, "आत्याबाई, पोराला जाऊ द्यायचं नाही असं सरळ म्हणा की." काहीही बोलते. चौथी शिकल्याचा परिणाम.

२० ऑगस्ट, मंगळवार
भाडं भरायची मुदत या आठवड्यात संपते. सूर्यभान म्हणाला, राहू दे आजी, इथंच मास्तरकी धरतो. छान झालं. जवळ राहील.
आज त्यानं मीठ आणलं. न सांगता. आणून गुपचूप कोपऱ्यात ठेवलं. असा शहाणा झालेला मला बघवला नाही.

२३ ऑगस्ट
पहिल्याच बँकेत गेले. गाडगं कॅशियरपुढं पालथं केलं. "आपटा म्हटलं, सगळे आपटा." सगळे खणखणीत. सूर्यभान हळूच म्हणाला, "आजी, आज शुक्रवार."
म्हटलं, "गुरुवार आहे. तुझ्या काही लक्षात राहत नाही." म्हणून वर तारखेपुढं वार घालू दिला नाही.

९ सप्टेंबर, सोमवार
आज चांगुणा लिहिती हाय. ती मी बोलते तसंच लिहिती.
सकाळी त्याच्याबरोबर निघाले, विलायतेला. तिकडं दळायला घेतलेलं जातं मोटारीवाल्यानं टपावर घेतलं न्हाई. घोडेगावला उतरले. उलटी झाली न्हाई, उगाच उतरले. मोटार पुढं गेली. पोरगा मागच्या काचंतून लई येळ हात हालवत हुता. परतीच्या बैलगाडीनं घरी आले.
मला काई वाटत न्हाई. चांगुणा, रडू नको, शाई पसरती. पार्सलाचं लिही: शेंगदान्याची चटनी, लसूण कमी, जहाजात दुसरी मानसं असत्यात. बाजरीचं पीठ नको, कडू हुतं. बाजरीच घाल, तिकडं दळून घेईल. आन मिठाची पुडी घाल. तो आनायचा न्हाई.