मनीचे पारणे

ज्येष्ठ वद्य द्वादशी, सायंकाळ
बदलापूर गाव

आज सकाळी मनीने नैवेद्याचा दहीभात खाल्ला. पितळी वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली. आनंद व्हायला हवा. मग मन असे रिते का?

माझी सहधर्मचारिणी सुमती नैवेद्यातला पहिला घास मांजरीला काढून ठेवी. ती निवर्तल्यापासून तो मी ठेवतो. त्याच वाटीत, तिच्या पाटाशेजारी. अलीकडे मनी यायची, वाटी हुंगायची, पाटाकडे पाहायची आणि मागे फिरायची. मला वाटले, मुक्या जिवालाही विरह कळतो. या घरात सुमतीची वाट पाहणारे माझ्याखेरीज आणखी कोणी आहे... केवढा आधार होता त्या विचाराचा!

सुनेने मात्र नाकाला ओढणी लावली. "बाबा, विरह कसला? तोंडाला वास येतोय तिच्या!"

काल तिला उल्हासनगरला नेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, भूक आहे हो तिला. दाढ कुजलीय. खायला गेली की कळ येते, म्हणून मागे फिरते." भूल देऊन दाढ काढली. एकादशी मला घडली, तशी तिलाही.

आज दोघांचे पारणे झाले. वाटी रिकामी होताच मनी पाटाकडे न पाहता ओटीवर जाऊन निजली. सुटली बिचारी! ईश्वराने तिची व्यथा हरली, हे उत्तमच.

सुनेने हळूच विचारले, "बाबा, आता पाट उचलून ठेवू?"

म्हटले, "राहू दे. मी आहे अजून."