निळ्या वहीचा वारस

मी, सुप्रभा दीनानाथ खानोलकर, वय ७२, गणिताची निवृत्त प्राध्यापक, राहणार कार्डिफ, हे मृत्युपत्र स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. शंका असल्यास सत्त्याण्णवचा वर्ग विचारावा: नऊ हजार चारशे नऊ. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. घर व बँकेतील शिल्लक मुलगा मिहीर यास. मागची भिंत ओली आहे. आधी ती दुरुस्त करावी, रंगाचे नंतर बघावे.

२. फळा नात देविका हिला. ओल्या फडक्याने पुसू नये.

३. निळी वही डॉ. लिआओ त्सुंग-हान यांना. जन्म तैवानचा, शिक्षण शिकागोत, १९७१ साली आमच्या विभागात आले. ऑफिसने त्यांच्या नावाचे शेवटचे अक्षर आडनाव धरले आणि माझ्या नवऱ्याचे नाव माझे आडनाव. 'मिस्टर हान' आणि 'मिसेस दीनानाथ' एका खोलीत बसले, सात वर्षे एकत्र राबले. मग ते म्हणाले, आपल्या सिद्धतेची तिसरी पायरी कच्ची आहे. मला राग आला. त्यांचे नाव काढून मी ती एकटीच्या नावाने छापली आणि प्राध्यापक झाले. ते कॅलिफोर्नियाला गेले, तिथे नावारूपाला आले. अठ्ठावीस वर्षे आमचा अबोला.

गेल्या हिवाळ्यात कळले, पायरी कच्चीच होती. चूक माझी होती आणि मला तिची लाज वाटते. दुरुस्ती वहीत आहे. छापताना आडनावांचा वर्णानुक्रम मोडून त्यांचे नाव आधी घालावे.

मिहीर म्हणाला, "आई, सॉरी कोण विलमध्ये लिहितं? जस्ट फोन कर ना त्यांना!" मुलाचे ऐकायची मला सवय नाही. मसुदा तेवढा लिआओंना पाठवला. त्यांचाच फोन आला.

"साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही ना?"

"कायद्याने नाही."

"मग मी साक्षीदार म्हणून येतो. वही हातात द्या."

४. सबब कलम ३ मधील देणगी निष्फळ. वही आज सकाळी समक्ष दिली. त्यांनी तिसरी पायरी दोनदा वाचली, मान डोलावली, पेन्सिल मागितली आणि चौथीपुढे प्रश्नचिन्ह काढले. या वेळी मी खुर्ची ओढून शेजारी बसले. काम बरेच आहे. हे मृत्युपत्र अमलात यायला वेळ लागेल.

ठिकाण: कार्डिफ
दिनांक: ६ मे २००६

सही: सुप्रभा दीनानाथ खानोलकर

आम्हा दोघांसमोर सही झाली:
१. लिआओ त्सुंग-हान (आडनाव पहिले)
२. उल्हास कारखानीस, शेजारी