वरच्या तळ्याचं पाणी

१२ जुलै
कमळाचं नवं पान परत पांढरं. कागदागत. कंद आईच्या तळ्यातले. आई गेली, बेळगुंदीचं तिचं तळं बुजलं, तिचं म्हणून आता एवढंच. हे म्हणाले, पाणी बदल. धाकट्या दिराच्या, मारुतीच्या वरच्या माशांच्या तळ्यातनं सोडलं. माशाचं पाणी म्हणजे फुकटचं खत, सगळीच म्हणतात.

१८ जुलै
खत कसलं डोंबलाचं! जेवढं पाणी घ्यावं तेवढी पानं बिघडायलीत. मुळं चाचपली. आखूड, काळी. फूलवाली विचारती, "वरमहालक्ष्मीच्या पूजेला कमळं देणार न्हवं?" व्हय म्हटलं. तोंड हाय म्हणून बोलायचं.

२१ जुलै
आज जावेच्या, सुनंदाच्या तोंडातनं निघालं. मासे लाल चट्टे पडून मरत होते, म्हणून ती त्यांच्या खाद्यात औषध कालवतीया. कधीपासनं! वर जाऊन बघितलं. त्यांच्या तळ्यावरची बारीक हिरवळसुद्धा पांढरीफटक. शेतकी कॉलेजातल्या सरांना फोटो धाडला. म्हणाले, जंतूंचं औषध पानाचं हिरवंपणबी मारू शकतं. आणि मी खुळी, माझ्या हातानं पाटाची फळी उचलून तेच पाणी घेतलं. एकदा न्हाय, सारखं.

२२ जुलै
मारुतीशी भांडले. "आईचं एवढंच राहिलं होतं रं, तेबी मारलंस."
"मग मासे मरू देऊ व्हय वैनी? आमचं पोट हाय त्याच्यावर."
तशीच घरी आले. जेवले न्हाय.

२९ जुलै
फळी बंद. विहिरीचं पाणी ओढून घालतेय, पाठ कामातनं गेली. पण बांधातनं वरचं पाझरतंच. देवी, एक तरी कंद ठेव गं. एक.

३ ऑगस्ट
मारुतीनं औषध बंद केलंय म्हणं. मला सांगितलंबी न्हाय. आज त्याचे मासे पोट वर करून तरंगायलेत. वास घरापर्यंत. बरं वाटंल असं वाटलं होतं. रडूच आलं.

सकाळी माझ्या एका पानाच्या कडेला हिरवी झाक दिसली. कुणाला बोलले न्हाय.

सांजचं सुनंदा आली. डोळे सुजलेले. "आक्का, तुमच्यासाठी बंद केलं त्यांनी. आता तुम्हीच सांगा, घालू का परत?"

च्या ठेवते म्हणून आत आले ती हे लिहीत बसलेय. च्या आटला. ती अजून उंबऱ्यावरच हाय.